लोह काढणारी गोळी आणि मूत्रपिंडे



थॅलेसिमियाच्या मुलाला दर तीनचार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, हे आपणांस ठाऊक आहे. पण रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह अंगात शिरते, आणि शरीर दिवसाकाठी जेमतेम १ मिलिग्रॅम बाहेर टाकते, याचा विचार किती जण करतात? उरलेले लोह यकृतात साठते, हृदयात साठते. आणि हृदयातले लोह जीव घेते. म्हणून ते काढण्याचे औषध हवेच.

पूर्वी त्यासाठी पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून रात्रीचे आठदहा तास डेस्फेरॉक्सामाइन सोडावे लागे, तेही आठवड्यातून पाच-सहा रात्री. २००५ साली अमेरिकेत डेफेरासिरॉक्सला मान्यता मिळाली. पाण्यात कालवून दिवसातून एकदा घ्यायची गोळी! आईबापांना ती वरदान वाटली, आणि ते खोटेही नव्हते.

मात्र या गोळीचा भार मूत्रपिंडांवर पडतो. सुमारे एकतृतीयांश रोग्यांच्या रक्तातले क्रिएटिनिन वाढते. बहुधा थोडेच, आणि मात्रा उतरवली की तेही उतरते. त्याहून फसवी गोष्ट निराळी आहे. मूत्रपिंडातल्या बारीक नलिका दुखावल्या, की अंगाला हवे असलेले फॉस्फेट आणि साखर लघवीवाटे वाहून जाते. लघवीत साखर दिसली, की मधुमेह झाला असे कोणीही म्हणेल. शिवाय लोह स्वादुपिंडात साठून या मुलांना खरोखरचा मधुमेहही होतो! रक्तातली साखर पाहिल्यावाचून निवाडा करता येत नाही. इकडे फॉस्फेट गेल्याने हाडे मऊ पडत असतात.

धोका वाढतो तो दोन वेळी. अंगातले लोह बरेच कमी झाले आणि मात्रा मात्र जुनीच राहिली, तर औषधाला धरायला लोह उरत नाही. दुसरी वेळ उन्हाळ्यातली: ताप, जुलाब, ओकाऱ्या यांनी मूल सुकते, आणि आई नेमाने गोळी देतच राहते. त्या दिवसांपुरती ती थांबवावी आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.

भिऊन औषध कायमचे सोडणारेही आम्ही पाहतो. त्यांना आम्ही हृदयाची आठवण देतो आणि तपासणीचा क्रम सांगतो. गोळी सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन दोनदा, पहिला महिना दर आठवड्याला, पुढे दर महिन्याला; जोडीला लघवी. दर महिन्याची तपासणी रक्त चढवायला मूल येते त्या दिवशीच, रक्त जुळवण्यासाठी नमुना घेतात तेव्हाच, उरकता येते. तिच्यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही.