औषधाच्याही आधी आलेलं जनुक

"ही गोळी मला आता लागू पडत नाही, अंगाला तिची सवय झाली," असं आपण सहज म्हणून जातो. प्रतिजैविकांच्या बाबतीत हा समज घातक आहे. सवय अंगाला होत नसते. बदललेले असतात ते जंतू, आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून ज्यानं आयुष्यात प्रतिजैविकाची एकही गोळी घेतलेली नाही, त्याच्या जखमेतही औषधाला दाद न देणारा जंतू निघू शकतो.

आज मी अशा एकाच जंतूबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात तो असतो आणि तिथे बहुधा काही त्रास देत नाही. तोच शस्त्रक्रियेच्या जखमेत शिरला किंवा सलाइनच्या नळीवाटे रक्तात उतरला, तर माणूस दगावू शकतो. पेनिसिलिन आलं तेव्हा त्याच्यावर ते रामबाण ठरलं, पण फार थोडा काळ. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. मेरी बार्बर यांनी याची मोजदाद ठेवली होती. १९४६ साली रुग्णांमध्ये सापडलेल्या या जंतूंपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला जुमानत नव्हते. १९४८ साली ५९ टक्के. आणि आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं ते त्याही नंतर, १९५५ साली!

हे जंतू पेनिसिलिनचे तुकडे करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करत होते. मग त्या विकराला तोडता येणार नाही असं मेथिसिलिन घडवण्यात आलं. ते वापरात येतं न येतं तोच, १९६० सालीच, लंडनमधल्या कॉलिंडेलच्या प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स यांना पाच हजारांहून अधिक नमुन्यांमध्ये तीन नमुने असे मिळाले, की त्यांच्यावर मेथिसिलिनही चालेना. हाच तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

याचं रहस्य मेक-ए नावाच्या जनुकात आहे. जंतूच्या भोवतीची भिंत बांधणारी विकरं म्हणजे त्याचे गवंडी. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं या गवंड्यांचे हात जखडून ठेवतात. मेक-ए जनुक एक वेगळाच गवंडी पुरवतं, त्याचे हात या औषधांच्या पकडीत सापडत नाहीत. बाकीचे अडकले तरी बांधकाम चालूच. त्यामुळे पेनिसिलिनच्या कुळातली जवळजवळ सगळी औषधं एकदमच निकामी होतात. शिवाय हे जनुक डीएनएच्या अशा तुकड्यावर असतं, की तो एका जंतूच्या डीएनएतून सुटून दुसऱ्याच्या डीएनएत जाऊन बसू शकतो.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. एमआरएसएच्या सुरुवातीच्या काळातले जंतू सुकवून जपून ठेवलेले होते. त्यांचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं, की हे जनुक या जंतूंमध्ये १९४५ च्या आसपासच आलेलं असावं. मेथिसिलिनचा तेव्हा पत्ताही नव्हता! पेनिसिलिनच्या सरसकट वापरात इतर जंतू मरत गेले आणि हे जनुक असलेले टिकून राहिले. म्हणजे उद्याच्या औषधावरची तोड आपण आजच्या औषधाच्या बेसुमार वापरानं वाढवून ठेवू शकतो. सर्दी-पडशाला, जिथे विषाणू असतात आणि प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नसतो, तिथे ते दुकानातून मागून घेणं म्हणूनच निरुपद्रवी नाही.

तरीही हताश व्हायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये २००३-०४ या वर्षात रक्तात एमआरएसए सापडलेल्या रुग्णांची नोंद सुमारे ७,७०० होती. २००८-०९ मध्ये ती तीन हजारांच्या खाली आली. या यशात नव्या औषधापेक्षा साध्या शिस्तीचा वाटा मोठा होता: प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करणं, शिरेतली नळी गरज संपताच काढणं, हा जंतू कोणाच्या अंगावर आहे ते तपासणं, आणि आकडे जाहीर करणं.

आपल्याकडे रुग्णाची शुश्रूषा बरीचशी नातेवाईकच करतात. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं तेच. त्यांच्याही हातांवरून हा जंतू या खाटेवरून त्या खाटेवर जातो. तेव्हा वॉर्डात गेलात की हात कुठे धुवायचे ते आधी विचारा. तिथे पाणी किंवा साबण नसेल, तर परिचारिकेकडे, डॉक्टरांकडे, व्यवस्थापनाकडे ते मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.