चढावर मोटार झटके का देते?

मंडळी, पुसदच्या भोवताली डोंगर. सपाटीवर नीट चालणारी पेट्रोलची टर्बो मोटार चढावर झटके देऊ लागली, की लोक म्हणतात, "टर्बो गेला!" आम्ही म्हणतो, थांबा. टर्बो फार महाग. आधी प्लग पाहा.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा दाबून भरतो. चढावर हा दाब वाढतो. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडणे अवघड. प्लग झिजून टोकाची फट वाढली असेल, तर ठिणगी चुकते. सपाटीवर मात्र तीच पुरते.

इंजिन निवल्यावर मिस्त्रीकडून प्लग काढून घ्या. टोक फिकट तपकिरी, तर ठीक. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर पाहावा. टोक पेट्रोलने ओले असेल, तर बहुधा ठिणगी पडत नाही. तिला वीज देणारी कॉईल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. दोष तिकडे गेला, तर कॉईलच खराब. अन् टोक पांढरेफटक? मग पेट्रोल कमी पडत असेल. पंप अन् फिल्टर तपासा.

झटक्यांबरोबर इंजिनाचा दिवा लुकलुकला, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या नळीत जाऊन पेटते, अन् तिथली धूर शुद्ध करणारी जाळी वितळू शकते. तीही महागच.