‘पार्ट’ म्हणजे काय?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘इंग्रजीचा मास्तर आहेस, शब्दांवर काहीतरी बोल’ असं सांगितलं. पाच मिनिटं दिली आहेत. मी एकच शब्द घेतो.

आठवीत इंग्रजीच्या सरांनी मला उभं करून विचारलं होतं, ‘पार्ट म्हणजे काय?’ मी ऐटीत सांगितलं, ‘भाग.’ सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘दे पार्टेड ॲट द स्टेशन.’ मी अर्थ केला, ‘त्यांनी स्टेशनवर भाग केले.’ वर्ग किती हसला, ते तुमच्यापैकी काहींना अजून आठवत असेल. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, ‘चूक आहे, पण फार चूक नाही.’ त्याचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

हा शब्द मुळात लॅटिन. ‘पार्स’ म्हणजे वाटा, आणि त्यावरून वाटण्याचं क्रियापद. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. वाटणी झाली की माणसं वेगळी होतात, म्हणून ‘पार्ट’ म्हणजे निरोप घेणंही झालं. केसांचा भांगही ‘पार्टिंग’च. जुन्या काळी इंग्लंडात नटाला अख्खं नाटक देत नसत, त्याच्या वाट्याची वाक्यं तेवढी उतरवून देत. तो त्याचा ‘पार्ट’. आपल्या गॅदरिंगला कुणाला कुठला पार्ट मिळाला यावरून होणारी भांडणं आठवा!

‘पार्टी’ म्हणजे आधी भांडणातली एक बाजू. कोर्टात आजही तोच अर्थ आहे, गावच्या निवडणुकीतही तोच. पुढे एका बाजूची माणसं एकत्र बसून जेवायला लागली, तीही पार्टीच. ‘पार्सल’ म्हणजे छोटा वाटा. इंग्रजीत जमिनीच्या तुकड्यालाही पार्सल म्हणतात, आपण मात्र हॉटेलातून भाजी नेतो. ‘अपार्टमेंट’ म्हणजे वेगळी काढलेली जागा.

‘डिपार्ट’ची गंमत तर न्यारीच. त्याचा जुना अर्थ वेगळं करणं, वाटून टाकणं. १५४९ साली इंग्लंडच्या चर्चने लग्नातली शपथ छापली, तेव्हा मृत्यू आपल्याला वेगळं करीपर्यंत, या अर्थी तिच्यात ‘डिपार्ट’ हा शब्द होता. पुढे त्याचा अर्थ नुसता ‘निघून जाणं’ एवढाच उरला. मग १६६२ मध्ये शपथेतला शब्द बदलून ‘पार्ट’ करावा लागला.

हे सगळं मी गेल्या वर्षी वर्गात शिकवण्यासाठी शब्दकोशातून काढत होतो, आणि ‘पार्टनर’वर येऊन थांबलो. मला वाटायचं पार्टनर म्हणजे धंद्यातला भागीदार, नाहीतर आपण एकमेकांना हाक मारायचो तो. पण त्याचं जुनं रूप ‘पार्सनर’, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वारस. आपल्या हिंदू वारसा कायद्यातला ‘कोपार्सनर’ तो हाच.

इथं मला घरचं सांगावं लागेल. २००८ साली वडील गेले. आम्ही दोघं भाऊ आणि धाकटी बहीण. ती याच शाळेत आपल्या दोन वर्षं मागे होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणी तिला ओळखता. वाटणी आम्हा भावांत झाली. बहिणीला गाडी करून बोलावलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ असं त्यात लिहिलेलं होतं. तिनं एवढंच विचारलं, ‘दादा, कुठं करू सही?’ आम्ही तिला साडीचोळी केली आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं.

मुलींना हा बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ सालीच मिळाला होता, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. २००५ मध्ये देशभरात सगळ्याच मुलींना मिळाला. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. ठाऊक होतं, म्हणून तर सही घेतली.

शब्दकोश मिटला आणि तिला फोन केला. म्हटलं, ‘तुझा वाटा राहिला बाई.’ ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘जमिनीचं जाऊ दे दादा. तेव्हा नुसतं विचारलं असतंस, तर मी नको म्हणाले असते. पण विचारायला पाहिजे होतंस.’

माझ्या हिश्श्यातली एक एकर तिच्या नावे करायचं मी ठरवलं आहे. ती अजून होय म्हणालेली नाही. मी पुन्हा विचारणार आहे.

जाता जाता आपल्या गावाचा एक शब्द. आपल्या दाखल्यावर ‘लोहा, तालुका कंधार’ असं होतं. नंतर कंधारपासून वेगळं होऊन आपलं लोहा स्वतंत्र तालुका झालं. हा ‘तालुका’ शब्द अरबी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आहे संबंध. वेगळ्या निघालेल्या भागाला आपल्या माणसांनी नाव दिलं ते संबंधाचं.

सर, तुम्ही म्हणाला होतात तसं माझं उत्तर फार चूक नव्हतं. वाटण्या होतात, माणसं स्टेशनवरून वेगवेगळ्या गाड्यांनी जातात. फक्त गाडी सुटण्याआधी एकमेकांना विचारावं. घरी बहीण असेल, तर आज रात्री तिला एक फोन करा.