नोकरीचा बायोडेटा लिहिताना

आयटीआय किंवा डिप्लोमा संपला की अनेक मुलं मित्राचाच बायोडेटा घेतात, नाव बदलतात आणि प्रिंट काढतात. त्यात जन्मवेळ सोडून सगळं असतं: वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद वाचन व क्रिकेट. स्थळ पाहायला हे ठीक. चाकणच्या कारखान्यातल्या एचआरला यातलं फारसं काही लागत नाही.

त्याला कळायला हवं, तुम्हाला काय येतं. ‘मेहनती, प्रामाणिक’ असं कुणीही लिहितं. त्याऐवजी ‘सीएनसी लेथवर १ वर्ष अप्रेंटिसशिप, मायक्रोमीटरने मोजमाप, ड्रॉइंग वाचता येतं’ असं लिहा. ताजं काम वर, दहावीचे गुण खाली. नवख्याला एक पान पुरे.

मोठ्या कंपन्यांत बरेचदा आधी सॉफ्टवेअर अर्ज चाळतं आणि जाहिरातीतले शब्द शोधतं. जाहिरातीत ‘मिग वेल्डिंग’ असेल आणि ते तुम्हाला येत असेल, तर नुसतं ‘वेल्डिंग’ लिहू नका. रंगीत चौकटी, नक्षी टाळा. अशी पानं सॉफ्टवेअरला नीट वाचता येतीलच असं नाही. न येणारं काम मात्र घुसडू नका. मुलाखतीत मायक्रोमीटर हातात देतात हो!

आधार क्रमांक बायोडेटात नको, तो निवड झाल्यावर कागदपत्रांसोबत द्यावा. फाइल पीडीएफ करा, तिला स्वतःचं नाव द्या. आणि पाठवण्यापूर्वी मोबाइल नंबरचा एकेक आकडा तपासा. तो चुकला तर निवड होऊनही फोन येणार नाही.