दिवेघाटाची तयारी घाटकोपरात



शतकमहोत्सवात बोलायला आम्हांला विषय दिलाय तरुणांच्या आरोग्याचा. तेव्हा आम्ही पायांविषयीच बोलतो.

आपली उपनगरातली पोरं बहुतेक पुण्यात दिंडीला मिळतात. एका दिवसाची रजा आणि पुणे ते सासवड चाल. माउलींच्या सोहळ्यातली ही सर्वांत लांब मजल, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवेघाट. हडपसरपर्यंत पोरांचा जोर विचारू नका. घाटाच्या पायथ्याशी मात्र एकेक जण बूट काढून फोड बघत बसतो. आणि शेजारून साठी उलटलेली माउली डोक्यावर तुळस घेऊन अभंग म्हणत वर जाते.

तिचे पाय काही आळंदीत तयार झालेले नसतात. वर्षभर ती रानात चालते. आपलं पोरगं मेट्रोनं अंधेरीला जातं, आठ-दहा तास खुर्चीत बसतं, स्टेशनात सरकता जिना बंद असला तर कपाळाला आठ्या घालतं. रात्रपाळी असेल तर झोपेचंही खोबरं. जिमला आमचा विरोध नाही बरं का, जरूर जा. पण आरशापुढं दंड फुगवला म्हणून टाच घट्ट होत नाही. ती चालूनच होते.

वेग किती ठेवावा, असं पोरं विचारतात. डॉक्टर सांगतात, चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, तो मध्यम व्यायाम. असा व्यायाम मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं हवा, शाळकरी मुलांना रोज तासभर हालचाल हवी. आता आपली दिंडी बघा. टाळ वाजतोय, चाल चाललीय आणि गाणंही चाललंय! ज्याला वर्षभराचा सराव आहे, त्याचा दम पुरतो. म्हणून पोरांनो, टाळाच्या पुढं पळू नका. पुढं पळणारा झाडाखाली सापडतो.

खाण्याचं थोडक्यात. एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्यालाच लागू आहे. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स, याला उपास म्हणायचं तर म्हणा. साखरेचा आजार असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारूनच उपास धरावा, गोळी परस्पर बंद करू नये.

एक गोष्ट कडू लागेल. माळ घातली की मांस-मद्य सुटतं, पण तंबाखूची पुडी कनवटीला तशीच राहते. मुक्कामावर म्हातारी मंडळी चुना मळत बसतात आणि पोरं समोरून बघतात. त्या पोरांना आरोग्य शिकवायला आम्ही कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

तर दिंडीनं ठरवलंय ते असं. चैत्रापासून दर रविवारी सकाळी चालायचं. सुरुवात घाटकोपरातच, चार-पाच किलोमीटर सपाटीनं, मग असल्फ्याच्या डोंगरवस्तीच्या पायऱ्या. महिन्याभरानं बोरिवलीचं नॅशनल पार्क. गेटापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, शेवटी चांगला चढ. जाऊन येऊन दिवेघाटाचा अंदाज येतो. वारीत जे बूट घालणार तेच घाला, नवे कोरे नकोत. पाणी आपापलं. विणेकरी पुढं असतील, टाळ घेऊन या.