डॉ. निकोल मॅक्‌निकोल आणि आपले अभंग



वर्धापनदिनी मी एका मिशनऱ्यावर बोलणार म्हटल्यावर कार्यकारिणीत दोघीतिघींच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकीने स्पष्टच विचारले, “आपले संत संपले का हो, बाई?” प्रश्न रास्त होता. पण या गृहस्थांची ओळख मला झाली ती आपल्या संतांमुळेच.

डॉ. मॅक्‌निकोल स्कॉटलंडचे. जन्म १८७०, मृत्यू १९५२. पुण्यास मिशनचे काम करताना ते मराठीत रमले आणि १९१९ साली त्यांनी मराठी संतवाणीचा इंग्रजी अनुवाद ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’ या नावाने प्रसिद्ध केला. रचना किती, तर १०८! जपमाळेच्या मण्यांइतक्या. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकोबा तर आहेतच. पण मुक्ताबाई आहे, आणि नामयाच्या दासीचेही पान त्याच पंक्तीत मांडलेले आहे. पुढे १९२३ साली त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी भारतीय स्त्रियांच्या कवितांचा संग्रह संपादित केला. घरात ओढ दोघांनाही होती म्हणायची! १९२६ साली डॉक्टरांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले. १९३८ च्या त्यांच्या ‘हिंदू स्क्रिप्चर्स’ला तर रवींद्रनाथांची प्रस्तावना आहे.

आता माझे भांडण. ‘इंडियन थीइझम’ (१९१५) या ग्रंथात त्यांनी वेदकाळापासूनचा आपला ईश्वरविचार तपासला. अभ्यास मोठा, पण माप मात्र ख्रिस्ती धर्माचे. भक्ताची तळमळ त्यांना दिसली. तिची तृप्ती त्यांना ख्रिस्तापाशीच दिसे. माझी आई पंढरीहून परते, तेव्हा पाय सुजलेले असत. चेहऱ्यावर अतृप्ती मी कधी पाहिली नाही. हे त्यांना कोणी सांगायला हवे होते.

तरीही परक्या मुलखातल्या माणसाने जनीचा एकेक शब्द तोलून पाहिला, याचे मोल मला वाटते. परवा तो अनुवाद मुळाशी ताडून पाहावा म्हणून आठ्या घालणाऱ्या त्या भगिनीकडेच मी जनाबाईची गाथा मागितली. तिच्या घरी नव्हती. खरे सांगते, माझ्याही घरी नव्हती. अखेर आम्ही दोघी वाचनालयात गेलो.