कुलूप आणि किल्ली



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ आपण आज विद्यानगरात जमलो आहोत, त्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणी आणि शाळेची जुनी दप्तरे तबकड्यांवर उतरवून कुलूपबंद करण्याचा संकल्प शाळेने सोडला आहे. मराठीच्या अध्यापकाचा या यंत्रविद्येशी काय संबंध, असे कोणी मनात म्हणेल. संबंध आहे, आणि तो सातशे वर्षांचा आहे.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या आठवणी अनेकांकडून परिश्रमाने जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना जे स्मरत होते ते त्यांनी सांगितले, आणि एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले. प्रत एकच असली की काय होते, याचे मराठी वाङ्मयात याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपी त्यांत प्रमुख. तिचे जनकत्व परंपरा रवळोबासांकडे देते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, ही तिची मूळ युक्ती. बाहेरच्याला पोथी हाती लागूनही अर्थ लागत नसे. पंथीयाला मात्र किल्ली गुरुमुखातून मिळे. या पोथ्या पंथाबरोबर थेट पंजाबात गेल्या. ग्रंथ एकीकडे आणि किल्ली अनेक जिवंत माणसांच्या मुखी, ही व्यवस्था विसाव्या शतकापर्यंत टिकली. त्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे ही लिपी पंथाबाहेर वाचली जाऊ लागली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला.

आता आजचे कुलूप पाहा. संगणक मजकुराचे जे सांकेतिक रूप करतो, त्याची 2001 साली अमेरिकेत प्रमाण ठरलेली ‘एईएस’ ही पद्धत सर्वत्र वापरात आहे. अक्षरांची अदलाबदल चिकाटीच्या अभ्यासकाला उलगडता येते. या कुलपापुढे मात्र राजवाड्यांचीही मात्रा चालली नसती. परवलीचा लांब शब्द हरवला की मजकूर गेला. कुलूपबंद संग्रहाच्या आरंभी किल्लीविषयीचा जो लहानसा भाग असतो, तेवढा बिघडला आणि त्याची दुसरी नक्कल नसली, तरी उरलेले निरुपयोगी होते. साध्या पोथीची चार पाने वाळवीने खाल्ली तर उरलेली वाचता येतात. इथे ती सोय नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 2006 साली मी हैदराबादेतील वृद्ध मराठी मंडळींचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. मला हवी होती ती त्यांची उर्दूमिश्रित बोली. ते सांगू लागले 1948 चे दिवस. कोणाच्या घरी कोण लपले, कोणी कोणाला धोका दिला. ‘सर, आमच्या हयातीत हे बाहेर जाऊ देऊ नका,’ असे त्यांतील एका आजींनी बजावले. मी वचन दिले आणि बारा डीव्हीडींवर सर्व काही कुलूपबंद केले. परवलीचा शब्द एका वहीत लिहिला. घर बदलताना ती वही रद्दीत गेली. आजी गेल्या, वचनाची मुदत संपली; तबकड्या माझ्या कपाटात आहेत. यंत्र त्या विनातक्रार वाचते आणि शब्द विचारते.

म्हणून शाळेला माझी विनंती आहे. दप्तरांत जे उघड आहे त्याला कुलूप घालूच नका. खासगी तेवढेच झाका. तीन प्रती करा आणि एक गावाबाहेर, एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे ठेवा. साध्या तबकडीतील रंगद्रव्य ऊन आणि उष्णता यांनी खराब होते. आपला मे महिना आपण जाणताच. दरवर्षी प्रत्येक प्रत उघडून पाहा. सोनी कंपनीने 2025 साली लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले, तेव्हा तबकडीबरोबर ती वाचणारे यंत्रही जपून ठेवा आणि वेळीच नव्या साधनावर नक्कल करा. परवलीचा शब्द कागदावर, शाईने लिहून, दोन मोहोरबंद पाकिटांत दोघांच्या स्वाधीन करा. कोणाच्या ते शाळेच्या इतिवृत्तात नोंदवा, आणि त्यांतील एक जण तरी तिशीच्या आतला असू द्या.